४ जीबीची फाईल ३८ सेकंदांत येते, मग असेंब्ली उघडायला सव्वाचार मिनिटं का? (नॅस बॉक्स, शिरोली एमआयडीसी)

शिरोलीची_वही

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. एम.कॉम. करून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका डिझाइन ऑफिसात अकाउंट्सला लागले. एके दिवशी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिला आणि तेव्हापासून ‘सिस्टीम’ माझ्या गळ्यात पडली ती पडलीच.

आमच्याकडे एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली खास मशीन) आणि मशीनिंग फिक्श्चरचं (मशीनवर जॉब पक्का धरायच्या साधनाचं) डिझाइन होतं. पाच डिझायनर, पाच वर्कस्टेशन, आणि सगळ्यांचा डेटा एकाच नॅस बॉक्सवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कच्या डब्यावर. बॉक्स सहा कप्प्यांचा, त्यातले चार भरलेत: ४ टीबीच्या, ७२०० आरपीएमच्या हार्डडिस्क, रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा अशी जोडणी). स्विच गिगाबिट, केबल कॅट ६.

दुखणं असं की मोठी असेंब्ली (शेकडो पार्टच्या फाईल्स जोडून बनलेलं अख्ख्या मशीनचं डिझाइन) उघडायला घेतली की डिझायनर चहाला जातो. गमतीनं म्हणत नाही. गेल्या आठवड्यात मालक नेमके गिऱ्हाइकाला घेऊन आत आले, तर पाचपैकी तीन खुर्च्या रिकाम्या आणि तीन स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. गिऱ्हाईक गेल्यावर मला बोलावणं आलं.

नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं बघितलं, ‘मॅडम, तुमचा पाइप लहान पडतोय’ म्हणाला आणि संध्याकाळी १० गिगाबिटचं कोटेशन पाठवलं. स्विच, पाच कार्डं, नॅसचं कार्ड, सगळं मिळून ९६ हजार. मालक म्हणाले, टाक सही करून.

मी केली नाही, कारण हिशेब जुळत नाहीये. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून नोंदी घेतल्यात:

४ जीबीची एकच झिप फाईल नॅसवरून माझ्या मशीनवर: ३८ सेकंद.
एका एसपीएमचा फोल्डर, १,८५० फाईल्स, एकूण ६२० एमबी, नुसता कॉपी: २ मिनिटं ५० सेकंद.
त्याच एसपीएमची असेंब्ली नॅसवरून कॅडमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडायला: ४ मिनिटं २० सेकंद. फोल्डर मशीनच्या एसएसडीवर घेऊन उघडली, तर २५ सेकंद.

आता बघा. ४ जीबीला ३८ सेकंद म्हणजे सेकंदाला साधारण १०८ एमबी. त्या दरानं ६२० एमबी सहा सेकंदांत यायला हवेत. लागले १७०. उरलेले १६४ सेकंद मी कुणाच्या खात्यावर टाकू? पाइप लहान असता तर झिप फाईलही अडली असती ना? माझं काही चुकत असेल तर सांगा, बिनधास्त सांगा, पण सही करायच्या आत सांगा.

तार_आणि_पक्कड

ताई, ते कोटेशन ड्रॉवरमध्ये घाला आणि ड्रॉवरला कुलूप लावा. कॉम्प्युटरवाली नाही म्हणता आणि निम्मं निदान स्वतःच करून ठेवलंय.

तुमच्या वेगाला काही झालेलं नाही. गिगाबिट तारेवर फाईल सेकंदाला ११० च्या आसपासच येते, तुमची येतेय. वेळ जातोय हेलपाट्यांत.

तुमच्या शेजारच्याच शॉपमधलं उदाहरण घ्या. फिटरला १,८५० बोल्ट पाहिजेत. स्टोअरमधून पोतं मागितलं तर हातगाडीवर घालून एका खेपेत मिळतं. पण त्यानं एकेका बोल्टची वेगळी इश्यू स्लिप केली, तर स्टोअरकीपर प्रत्येक वेळी उठणार, रजिस्टर बघणार, रॅक शोधणार, बोल्ट देणार, सही घेणार. तुमचा नेटवर्कवाला हातगाडी दहापट मोठी करून देतो म्हणतोय. हातगाडीवर बोल्ट एकच आहे वो.

आता स्टोअरकीपर किती वेळ घेतो ते बघू. ७२०० आरपीएम म्हणजे डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.१७. त्याआधी हेडला त्या ट्रॅकवर पोचायला साधारण ८-९. मिळून १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे इकडंतिकडं विखुरलेल्या मागण्या असतील तर एक डिस्क सेकंदाला ७५-८० मागण्या पुऱ्या करते, मग तार १ गिगाबिटची असो नाहीतर १० ची. एसएसडीत फिरायला काही नसतं, तिथं हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं.

तुमचे १७० सेकंद भागिले १,८५०, म्हणजे फाईलमागे ९२ मिलिसेकंद. प्रत्येक फाईलला नेटवर्कवरून किमान उघड, माहिती दे, वाच, बंद कर एवढे निरोप जातात, पण चांगल्या तारेवर एक निरोप एका मिलिसेकंदाच्या आत जाऊन येतो. डिस्कच्या दोन-तीन धावा धरल्या तरी २५ ते ४० मध्ये बसायला हवं. तुमचे ९२ होतायत, म्हणजे डिस्क निवांत नाहीये. दुसरं कुणीतरी तिच्या मागं लागलंय.

दोन गोष्टी करा. पाचही मशीनवरून नॅसला पिंग करून (निरोप जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते) आकडे द्या. आणि सकाळी अकराला, ऐन गर्दीत, नॅसच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्क किती टक्के बिझी दिसते ते बघा. त्या बॉक्सवर कॅडशिवाय आणखी काय काय चालतं तेही लिहा. सगळं लिहा, लाजू नका.

रॉकेट_०९

जंबो फ्रेम ९००० करा, म्हणजे नेटवर्कचं पाकीट १५०० बाइटऐवजी ९००० चं. मी केलं, नाद खुळा स्पीड. आणि १० जी पण घेऊन टाका, पुढंमागं लागतंयच की.

शिरोलीची_वही

रॉकेटभाऊ, तुमचं आधी करून बघितलं, कारण ते फुकट होतं. जेवणाच्या सुट्टीत नॅसवर आणि दोन मशीनवर ९००० केलं. त्या दोन मशीनवर फोल्डर दिसायचा, नावं दिसायची, फाईल उघडायला गेलं की गप्प. दोघं डिझायनर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. परत १५०० केलं तेव्हा हलले.

तारभाऊ, तुमचे आकडे. चार मशीनवर पिंग ‘१ पेक्षा कमी’. पाचव्यावर ३, ५, ४१, ४, ६२, असं काहीही. चौकशी केली तर त्या मुलानं उजेड चांगला म्हणून खिडकीकडं टेबल सरकवलंय, केबल पुरेना म्हणून दोन महिने वायफायवर काम करतोय. मला कुणी बोललं नाही. सगळ्यात जास्त कुरकुर त्याचीच असायची.

अकरा वाजता डिस्क ९१ ते ९८ टक्के. मी अर्धा तास बघत बसले, खाली येतच नाही.

आणि बॉक्सवर काय काय चालतं, याची यादी करायला बसले तर मलाच घाम फुटला. एक, कॅडचा डेटा. दोन, माझा अकाउंट्सचा बॅकअप. तीन, सगळ्या डेटाचा क्लाउडला बॅकअप. हा रात्री दोनला असायचा, पण रात्री नॅस बंद ठेवायची पद्धत होती म्हणून कुणीतरी सकाळी साडेदहाला लावला. आता नॅस रात्रीही चालू असतो, वेळ मात्र तीच राहिली. चार, सीसीटीव्ही. आठ कॅमेरे, चोवीस तास, सगळ्यांचं रेकॉर्डिंग नॅसवर.

चौथं माझंच काम आहे. वेगळा रेकॉर्डर घ्यायचा खर्च वाचतो म्हणून मीच सुचवलं होतं, मीटिंगमध्ये शाबासकीपण मिळाली होती. पण मला सांगा, कॅमेऱ्यांचा डेटा तर किरकोळ आहे. एक कॅमेरा ४ एमबीपीएस, आठ मिळून ३२, म्हणजे सेकंदाला ४ एमबी फक्त. नॅसची ऐपत १०८ ची. चार टक्क्यांनी एवढा फरक पडेल?

दुसरी_पाळी

ताई, पडतो. मी बत्तीस वर्षं सर्व्हर रूममध्ये काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीला, आणि हा प्रश्न मला दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी विचारला. तुम्ही एमबी मोजताय. डिस्कला एमबीचं ओझं वाटत नाही, उठबशीचं वाटतं.

आठ कॅमेरे म्हणजे आठ वेगळ्या फाईल्स, आठ वेगळ्या जागी थोडं थोडं लिहिणं, शिवाय कुठल्या वेळेचं रेकॉर्डिंग कुठं आहे याची नोंदवही लिहिणं वेगळं. त्यात तुमचं रेड ५. त्यात एक छोटा तुकडा बदलायचा तर चार कामं लागतात: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशेब) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही. हे चोवीस तास. डिझायनरची फाईल वाचायला हेड निघालं की वाटेत कॅमेरा नंबर तीन हात धरतो.

आता ९१ ते ९८ टक्क्यांचा अर्थ. कोल्हापूरकरांना तो समजावून सांगायची खरं तर गरज नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका. पाणी २५ वरून २९ ला गेलं तर कुणी बघायलाही जात नाही. ३९ वरून ४३ ला गेलं की घरं सोडावी लागतात. फूट तेवढेच, चारच. डिस्कचंही तसंच आहे. रांगांच्या गणितातलं साधं सूत्र आहे: एका कामाचा मूळ वेळ भागिले मोकळा राहिलेला हिस्सा. मूळ १२ मिलिसेकंद धरा. डिस्क ५० टक्के बिझी असेल तर २४ लागतात. ८० टक्क्यांना ६०. ९० ला १२०. ९५ ला २४०. सूत्र मागण्या अगदी स्वैर येतात असं धरून चालतं, त्यामुळं तुमच्या बॉक्सवर आकडे हुबेहूब असे येणार नाहीत, पण वळण हेच असतं. शेवटच्या दहा टक्क्यांत सगळं गाव बुडतं.

म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यांनी पाइपाचे चार टक्के खाल्ले हे खरं, पण ते खाल्ले ३९ फुटावर उभं राहून. वर साडेदहाला बॅकअपवाला येतो, तो तर सगळा डेटा उलथापालथा करतो.

करायचं काय: कॅमेऱ्यांना स्वतःचा रेकॉर्डर आणि स्वतःची एक डिस्क. सर्व्हेलन्ससाठी वेगळ्या डिस्क मिळतात, त्याच घ्या. बॅकअप रात्री दोनला. त्या मुलाला केबल. एवढं करून पुन्हा तुमच्या तिन्ही नोंदी घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येकानंतर मोजा, नाहीतर कशानं गुण आला ते कधीच कळणार नाही. हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्या वह्या दिसतायत.

जंबो फ्रेमबद्दल: वाटेतला प्रत्येक जण, मधला स्विचसुद्धा, ९००० मानणारा असावा लागतो. तुमचा स्विच मानत नसणार, म्हणून छोटे निरोप गेले आणि मोठे अडकले. आणि जमलं असतं तरी त्याचा फायदा लांबलचक फाईलला, हेलपाट्यांना नाही.

रॉकेट_०९

बरं बाबा. मी काय व्हिडिओ एडिटिंगला वापरतोय, म्हणून मला फरक दिसला असंल.

दुसरी_पाळी

बरोबर, तिथं दिसतो.

उद्यमनगरी_कॅड

उशिरा आलो. मी स्वतः उद्यमनगरात फिक्श्चर डिझाइन करतो, त्यामुळं मला इथं दुसराच वास येतोय. ताईंच्या नोंदीतच आहे तो: नुसता कॉपी करायला १७० सेकंद आणि कॅडमध्ये उघडायला २६०. लोकलला उघडायला २५ लागतात ते वजा करा, तरी पासष्ट सेकंद उरतात. हे कुठं गेले?

माझा अंदाज, सर्च पाथ. कॅडच्या सेटिंगमध्ये ‘रेफरन्स फाईल कुठं शोधायची’ अशी फोल्डरांची यादी असते. असेंब्लीला एखादा पार्ट नोंदवलेल्या जागी सापडला नाही की ते सॉफ्टवेअर ही यादी वरून खाली चाळतं. प्रत्येक फोल्डरला जाऊन विचारतं, आहे का? नाही. पुढच्याला. नाही. ‘नाही’ ऐकायलासुद्धा पूर्ण हेलपाटा लागतो. आणि यादीत एखादं बंद पडलेलं मशीन असेल तर ‘नाही’ म्हणायलाही तिथं कुणी नसतं, विंडोज बिचारं काही सेकंद दार वाजवत थांबतं. आमच्याकडं असं एक नाव निघालं होतं, २०१९ च्या पुराच्या वर्षी भंगारात दिलेल्या पीसीचं. तो पीसी गेला, पण पाचजण त्याचं दार वाजवत होते.

दुसरं. तुमच्या १,८५० मध्ये ॲलन बोल्ट, डॉवेल, वॉशर, बेअरिंग, सिलिंडर या स्टँडर्ड फाईल्स किती? त्या कधी बदलत नाहीत. तारभाऊंचंच उदाहरण पुढं नेतो: एम ८ चा बोल्ट स्टोअरमधून कशाला आणायचा, प्रत्येक बेंचवर डबा भरून ठेवा. स्टँडर्ड लायब्ररी प्रत्येक मशीनच्या एसएसडीवर त्याच ड्राइव्ह लेटरनं, त्याच फोल्डरनं ठेवा आणि सर्च पाथमध्ये ती सगळ्यात वर. मूळ प्रत नॅसवर एकच, तिथं एकालाच बदलायचा अधिकार, आणि रोज रात्री रोबोकॉपीनं (विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडनं) पाचही मशीनवर उतरवायची. अधिकाराचं नीट बघा, नाहीतर एक जण आपल्या मशीनवर बोल्टची लांबी वाढवतो आणि शॉपवर फिक्श्चर जुळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

शिरोलीची_वही

उद्यमनगरीदादा, हात जोडले. आमच्या यादीत अकरा फोल्डर होते. त्यातले चार अशा सर्व्हरचे, ज्याचं मी स्वतः २०२२ मध्ये राइट-ऑफचं व्हाउचर केलंय. पुस्तकातून मालमत्ता गेली, सेटिंगमधून गेली नाही. आणि स्टँडर्ड फाईल्स मोजल्या: ४१२.

कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मागवलाय, गुरुवारी येतो. तोवर एक वेगळंच विचारते, कारण मालकांचं रोजचं टुमणं आहे. पुरात शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं की आमचं ऑफिस तिकडं आणि आम्ही इकडं. २०१९ लाही, २०२१ लाही. म्हणून मालकांनी ताराबाई पार्कातल्या घरी व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा बंदिस्त रस्ता) लावून घेतलंय. घरी लाइन ऑफिसपेक्षा तगडी आहे. तरी त्यांना असेंब्ली उघडायला पाऊण तास लागतो आणि मग फोन मला येतो. तिथून ऑफिस दहाएक किलोमीटरसुद्धा नाही हो.

तार_आणि_पक्कड

घरून ऑफिसला पिंग किती येतं? आणि ट्रेसरूट करून बघा, पॅकेट कुठून जातं ते.

शिरोलीची_वही

पिंग ३० ते ३४. ट्रेसरूटमध्ये मुंबई दिसतेय!

तार_आणि_पक्कड

मग झालं. घरची लाइन एका कंपनीची, ऑफिसची दुसरीची, आणि दोघी भेटतात मुंबईत. तुमच्या मालकांचं ड्रॉइंग शिरोलीहून मुंबईला जातं आणि तिथून ताराबाई पार्कात येतं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे धरा. निरोप तिकडून जाऊन उत्तर तिकडूनच यायचं म्हणजे दीड हजार किलोमीटर, साडेसात मिलिसेकंद. हे कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. बाकीचे वाटेतल्या राउटरांचे आणि व्हीपीएनचे.

आता ऑफिसातल्या तारेवर जो हेलपाटा नगण्य होता, तो इथं ३० चा झाला. १,८५० फाईल्स, फाईलमागे कमीतकमी चार, गुणिले ३० मिलिसेकंद: २२२ सेकंद, तेही एक अक्षर डेटा न वाचता. मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनी वाचली जाते, कॅड मधेच पुन्हा पुन्हा विचारतं, त्या मेलेल्या सर्व्हरांचा शोध आहेच. पाऊण तास सहज. लाइन १०० वरून ५०० केली तरी पाऊण तासच.

मालकांना सांगा, घरून फाईल उघडू नका, ऑफिसातलं मशीन उघडा. रिमोट डेस्कटॉप, तेही व्हीपीएनच्या आतूनच, उघड्या इंटरनेटवर टाकू नका. फाईल्स शिरोलीतच राहतात, घरी येतं ते फक्त चित्र. ३० मिलिसेकंद माऊसला जाणवतसुद्धा नाहीत.

दुसरी_पाळी

मी एक भर घालतो. मोकळे दोन कप्पे आहेत म्हणालात. कॅमेरे हलवून, बॅकअप हलवून जे उरेल ते मोजल्यावर वाटलं तर तिथं दोन एसएसडी टाका, मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा), आणि चालू कामांचे फोल्डर त्यांच्यावर ठेवा. कॅश (वारंवार लागणाऱ्या फाईल्सची झटपट मिळणारी प्रत) म्हणूनही लावता येतात, पण कॅशचं असं आहे की पहिल्यांदा मागितलेली फाईल तिच्यात नसतेच, दुसऱ्यांदापासून उपयोग. पाचसहा चालू जॉब असतील तर सरळ त्यांनाच एसएसडीवर बसवणं सोपं आणि समजायला स्वच्छ. राइट कॅश लावायचा मोह झाला तर यूपीएसशिवाय लावू नका. वळवाच्या पावसात लाईट कशी जाते ते मी सांगायला नको, आणि कॅशमध्ये लिहिलेलं डिस्कवर उतरायच्या आत गेली तर कुठली फाईल अर्धी राहिली ते शोधत बसाल.

अँटिव्हायरसही बघा. प्रत्येक मशीन नॅसवरची प्रत्येक फाईल उघडताना आधी तपासत असेल, तर तो प्रत्येक फाईलमागे आणखी एक थांबा. नॅसची तपासणी रात्री नॅसवरच करा, आणि दिवसा मशीनवर फक्त कॅडच्या एक्स्टेन्शनना सूट द्या. सगळ्या शेअरला सूट देऊ नका.

शिरोलीची_वही

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा, मार्चएंड होता.

क्रमानं केलं, प्रत्येकानंतर मोजलं. नेहमीची तीच असेंब्ली, नेहमीचंच मशीन, सकाळी अकराची वेळ.

सुरुवातीला उघडायला ४ मिनिटं २० सेकंद. कॅमेरे नव्या रेकॉर्डरवर नेले: २ मिनिटं ३५. बॅकअप रात्री दोनला नेला: १ मिनिट ५२. सर्च पाथमधले चार मेलेले सर्व्हर काढले: १ मिनिट १०. एवढ्याशा कामानं बेचाळीस सेकंद! मी दोनदा मोजलं. स्टँडर्ड लायब्ररी मशीनवर उतरवली: ५६ सेकंद. इथपर्यंत खर्च फक्त रेकॉर्डर आणि त्याच्या डिस्कचा.

मग दोन एसएसडी घेतल्या, साडेसोळा हजारांच्या, चालू जॉब त्यांच्यावर. ३३ सेकंद. लोकलला २५ लागतात, म्हणजे आठ सेकंदांचा फरक, तो मी सोडून दिला. अँटिव्हायरसला अजून हात लावला नाही, एका वेळी एकच.

डिस्क अकराला आता १५-२० टक्क्यांवर असते. नुसता फोल्डर कॉपी करणं, तेच १,८५० चं, जुन्या हार्डडिस्कवरूनच आता ५८ सेकंद. फाईलमागे ३१ मिलिसेकंद. तारभाऊ, तुम्ही २५ ते ४० म्हणाला होतात.

मालक घरून रिमोट डेस्कटॉपवर आहेत. खिडकीतल्या मुलाला पंधरा मीटर केबल घातली, उजेड त्याचा त्याला राहिला. कोटेशन अजून ड्रॉवरमध्येच आहे.

पण एक नवीन निघालंय. सकाळी पहिला जो कुणी नॅसवरचं जुनं काम उघडतो, त्याचं मशीन दहा-बारा सेकंद ठार गप्प बसतं. मग सुरळीत. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा तसंच. आधी हे कधीच नव्हतं. मी काही बिघडवलं का?

तार_आणि_पक्कड

बिघडवलं नाही, डिस्कला पहिल्यांदाच झोप मिळाली! इतकी वर्षं कॅमेरे तिला चोवीस तास उठवत होते. आता वीस-तीस मिनिटं कुणी आलं नाही की बॉक्स डिस्क थांबवतो, आणि पहिली फाईल मागितली की चारही डिस्क पुन्हा फिरून वेगात येईपर्यंत तेवढं थांबावं लागतं. सेटिंगमध्ये हार्डडिस्क हायबरनेशन शोधा आणि बंद करा. हे सेटिंग पहिल्यापासून चालूच असणार, फक्त कामाला लागायची संधी मिळाली नव्हती.

शिरोलीची_वही

सापडलं, वीस मिनिटांवर होतं. बंद केलं. मालकांनी लगेच विचारलं, रात्रभर डिस्क फिरणार, मग बिल? डिस्कमागे पाच वॅट धरले, चार डिस्कचे वीस, रात्रीचे चौदा तास, तीस दिवस. ८.४ युनिट महिन्याला. कागदावर लिहून दिलं.

दुसरी_पाळी

उत्तम. आता एक सांगा, त्या यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली?

शिरोलीची_वही

व्हाउचर शोधते.